पाणी कुठे मुरतं

भावोजींनी जाळी उचलली आणि वहिनींनी स्टूल ओढलं.

स्टूल ओढण्यात रागलोभ नव्हता. वहिनींची उंचीच मुळात चार फूट नऊ इंच. देवाने त्यांना घडवताना माती जपून वापरली होती, पण भट्टीत मात्र हात आखडता घेतला नव्हता. चांगल्या खणखणीत भाजून निघाल्या होत्या. दुकानातल्या काचेच्या टाक्या लोखंडी मांडणीवर ओळीने रचलेल्या, आणि वरच्या ओळीत काय चाललंय ते बघायचं तर वहिनींना स्टूल लागायचंच. त्या चढल्या, टाकीच्या तोंडावर हात आडवा धरला.

"भावोजी, जाळी खाली ठेवा."

"वहिनी, हात काढा. बाही भिजेल."

"अठ्ठावीस वर्षं भिजतच होती. जाळी खाली."

अठ्ठावीस वर्षं त्या इस्पितळात, नवजात बाळांच्या वॉर्डात सिस्टर होत्या. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यांचे मालक, म्हणजे भावोजींचे थोरले भाऊ, जाऊन तीन वर्षं झाली होती. शोभेच्या माशांच्या या दुकानात त्यांचा अर्धा वाटा होता, आणि तो आता वहिनींचा. घरात बसून भिंती किती बघायच्या, म्हणून त्या दुकानात येऊन बसू लागल्या, आणि धाकट्या दिरांची शांतता गेली ती गेलीच.

टाकीत बारा पिल्लं होती. डिस्कस जातीची. हा मासा म्हणजे पाण्यात उभी धरलेली बशी: गोल, चपटा, कडेने झालर, अंगावर निळ्या-तांबड्या रेघा जणू कोणी निवांत बसून काढल्यात. पण ते पूर्ण वाढल्यावर. ही पिल्लं कोटाच्या बटणाएवढी आली होती आणि दीड महिन्यानंतरही बटणाएवढीच होती. रंग काळवंडलेला. कोपऱ्यात घोळका करून, तोंडं भिंतीकडे. अंगाच्या मानाने डोळे मात्र टपोरे.

"डोळे बघा," भावोजी म्हणाले. "खुरट्या माशाची हीच खूण. अंग थांबतं, डोळा थांबत नाही. ही वाढायची नाहीत. खुरट्यावर दाणा घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

"घडा पालथा कोणी घातला ते आधी बघू."

"आणि हावऱ्याला आज काय घालू?"

हावरा म्हणजे दर्शनी काचेतला तो काळा-नारिंगी, वीतभराहून मोठा मासा. महिन्याअखेरीस दुकानातली खुरटी, लंगडी, न विकलेली पिल्लं त्याच्या टाकीत सोडली जायची. रस्त्याने जाणारी माणसं थांबून बघायची. हावरा आधी बघायचा, मग नुसतं तोंड उघडायचा. पुढचं पाणीच करायचं.

"त्याला दाणे घाला. तोही देवाचाच जीव आहे, पण देवाने त्याला ही बारा लिहून दिलेली नाहीत."

भावोजी माणूस वाईट नव्हते. गिऱ्हाइकाला फसवायचे नाहीत, आजारी मासा विकायचे नाहीत. पण त्यांची एक गोष्ट होती: वडील म्हणाले ते म्हणाले. वडिलांना सगळे दादा म्हणत. दुकान दादांनी उभं केलं, आणि मागच्या खोलीच्या भिंतीवर तांबड्या तैलरंगात त्यांच्याच हातचं एक वाक्य होतं: 'पाणी मुरलेलंच हवं.' त्या वाक्याखाली दादांचा फोटो, आणि फोटोखालच्या फळीवर निळ्या काठाची, एका बाजूला टवका उडालेली चहाची बशी. डिस्कस पूर्ण वाढला की नाही ते या बशीने ठरायचं. बशी काचेला लावायची. मासा तिच्यामागून जाताना दोन्ही बाजूंनी बाहेर दिसला, की दुकानाच्या भाषेत 'बशी भरली'. नाही दिसला तर तो मासा अर्धवट.

भावोजींनी जाळी कठड्यावर टेकवली. "बरं. मागच्या मोठ्या टाकीत मासे नाहीत, नुसतं पाणी आहे. घ्या तुमची बारा आणि करा काय करायचं ते. दहा महिन्यांनी बशी लावू. जी भरेल ती तुमची, जी नाही भरणार ती हावऱ्याची. चालेल?"

"बशी लावा नाहीतर परात लावा. आज जाळी खाली."

भावोजींनी हा होकार धरला. माणसं आपल्याला हवं ते ऐकतात, त्यातलाच प्रकार.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या खोलीत वॉर्ड सुरू झाला. वहिनींनी जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड केलं, तारखांचे रकाने आखले. कोळंबी सोलून, पालक आणि लसणीची एखादी पाकळी घालून वाटायची, पातळ थापून बर्फाच्या कप्प्यात गोठवायची आणि नखाएवढा तुकडा मोडून टाकीत सोडायचा. सकाळी सातला पहिला, मग दर दोन तासांनी, संध्याकाळी दिवे लागेपर्यंत. उरलेलं पाच मिनिटांत नळीने काढून घ्यायचं. तापमापकाचा पारा तीसवर आला तेव्हाच त्यांनी हीटरच्या कळीवरचा हात काढला. खोली अशी उबट झाली की भावोजी आत आले की बाहेरच जायचे.

"दिवसातून सात वेळा!" ते दारातून म्हणायचे. "चोच दिली तो चारा देईल, वहिनी."

"तो देतोच. भरवायचं काम आपल्याकडे सोपवलंय त्यानं."

देव भावाचा भुकेला असतो म्हणतात. ही बारा जणं मात्र सुरुवातीला कशाचीच भुकेली नव्हती. मग तिसऱ्या दिवशी एकाने तुकडा चोखून थुंकला, चौथ्या दिवशी थुंकून परत उचलला, आणि आठवड्याभरात वहिनी स्टूलावर चढल्या की बाराच्या बारा काचेला येऊन शेपट्या हलवू लागली. त्यात सर्वांत लहान एक मासोळी होती, ती सर्वांत मागे. अंग नाही, नुसते डोळे. वहिनींनी तिचं नाव डोळस ठेवलं. इतरांचं पोट भरलं की तिच्यापुढे वेगळा तुकडा सोडायच्या, आणि तोंडाने आपलं नामस्मरण चालू असायचं; ती खाईपर्यंत एक माळ पुरी व्हायची.

पण पंधरा दिवस झाले, काचेला पट्टी लावून मोजलं, आणि कार्डावर आधीचाच आकडा लिहावा लागला. खात होती, अंगी लागत नव्हतं.

वॉर्डात एक म्हण होती. कुठल्याही पुस्तकात नाही, पण प्रत्येक सिस्टरला पाठ: दूध बघून झालं की दुपटं बघा. बाळ पितंय आणि वजन घेत नाही, तर खोट पिण्यात नसते, ते ज्यात पडलंय त्यात असते. वहिनींनी टाकीत हात घातला. काच आतून बुळबुळीत. पाणी पांढऱ्या वाटीत घेतलं तर उतरलेल्या चहासारखं पिवळट.

"भावोजी, या टाकीतलं पाणी शेवटचं कधी बदललं?"

"बदललं?" भावोजींनी असा शब्द आयुष्यात प्रथमच ऐकला असावा. "मुरवलंय ते. त्यांच्या आधी यात दुसरे मासे होते ना, चार महिन्यांचं मुरलेलं आहे. आटलं की वर तांब्याभर घालतो."

"म्हणजे बाळ चार महिने एकाच दुपट्यात!"

"वहिनी." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "दादांच्या शब्दाबाहेर या दुकानात पाणी हलत नाही."

"तेच तर दुखणं आहे. हलत नाही."

"दादांनी असे डिस्कस वाढवले की लांबून माणसं बघायला यायची!"

"मग तुमच्या हातून एकही का वाढला नाही?"

हे जरा जास्तच झालं. भावोजी बाहेर जाऊन हावऱ्यापुढे उभे राहिले. वहिनींना वाईट वाटलं, पण वाईट वाटलं म्हणून हात थांबवायची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नळी लावली आणि निम्मी टाकी मोरीत सोडली. मग नळाचं पाणी बादलीत घेतलं, त्यात कढत पाणी मिसळलं, कोपर बुडवून बघितलं. बाळाच्या अंघोळीचं पाणी असंच बघतात. हाताला कळत नाही ते कोपराला कळतं. अगदी बरोबर उतरलं होतं. बादलीमागून बादली ओतून टाकी भरली. पाणी असं लखलखीत दिसू लागलं की त्यांना गाणं सुचलं.

दहा मिनिटांत पिल्लं वर आली. तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासू लागली. दोन तिरकी झाली, एक उताणं.

"भावोजी!"

ते धावत आले. दारातच थबकले, नाक वर केलं. "अहो, केवढा औषधाचा वास! नळाला आज जास्तच सोडलंय. तुम्हाला आला नाही?"

वहिनींनी श्वास ओढला. काहीच नाही. म्हणजे होता एक वास, पण तो त्यांना वास वाटलाच नव्हता. अठ्ठावीस वर्षं फरशीला, हातांना, पाळण्यांना, गणवेशाला तोच वास. दुसऱ्या कोणाच्या नाकाला जे औषध, ते त्यांच्या नाकाला स्वच्छता. जंतू मारायला पाण्यात घालतात ते औषध माशाच्या कल्ल्यांना जाळतं, हे त्यांना ठाऊक होतं. नाकाने सांगायचं काम केलं नाही, एवढंच.

भावोजींनी काही बोलण्याआधी जाळी घेतली. तीच जाळी. बाराही पिल्लं भराभर उचलून शेजारच्या जुन्या पाण्याच्या टाकीत सोडली. अकरा सावरली. उताणं झालेलं सावरलं नाही.

मग ते बोलले. "बघितलंत? दादा उगाच लिहून गेले नाहीत."

वहिनींनी मेलेलं पिल्लू ओंजळीत घेतलं. "चूक माझी," त्या म्हणाल्या. "एक जीव माझ्या हातून गेला. हे कार्डावर लिहीन, आणि खाली सहीही करीन. पण म्हणून तुमचं पाणी बरोबर ठरत नाही, भावोजी. मी चुकले याचा अर्थ तुम्ही बरोबर, असा होत नाही. दोघंही चुकलेलो असू शकतो."

"आता हद्द झाली!"

"अजून नाही झाली," असं म्हणून त्या जिना चढून वर गेल्या.

वर सासूबाई असायच्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघ्यांनी संप केलेला, त्यामुळे सहा वर्षांत त्या दुकानात उतरल्या नव्हत्या. कान तेवढे शाबूत. दिवसभर खिडकीशी बसून रेडिओवर भजन लावायच्या आणि गाणाऱ्याच्या चुका काढायच्या. वहिनींनी हात धुतले, त्यांच्यापुढे बसल्या आणि झालेलं सगळं सांगितलं. रडल्या नाहीत, पण शेवटचं वाक्य दोनदा सुरू करावं लागलं.

सासूबाईंनी रेडिओ बंद केला. "टाकीतलं पाणी मुरवतो तो? टाकीतलं?"

"हो. चार चार महिने."

"शुंभ आहे." त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मुरायचं ते पिंपातलं! नळाचं पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून ठेवायचं, उघडं, आत हवेची नळी सोडून. दुसऱ्या दिवसापर्यंत वास उडून जातो. मग ते टाकीत घालायचं, आणि टाकीतलं रोज काढायचं. रोज! पिंप कोण भरायचं? मी. चोवीस वर्षं मी भरलं. कोपर बुडवून ऊब बघायची, मगच ओतायचं."

"मग भिंतीवर तसं का नाही लिहिलं दादांनी?"

"लिहिणार होते. रंग संपला. 'पिंपात' शब्द पहिल्यांदा घालायचा राहिला होता, तर म्हणाले, डबा संपलाय, जाऊ दे, तुला तर माहीत आहे. मला माहीत होतंच. ते गेले, मी वर आले. मग मला कोणी विचारलं? पोरांनी भिंतीला विचारलं." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "आजवर एवढंच म्हणायचे सगळे, की दादांचा हात माशांना लागतो. दादांचा हात! दादांचा हात गल्ल्यावर असायचा."

बाई गं, वहिनी मनात म्हणाल्या. पाणी मुरत होतं ते असं, आणि इथे.

पिंप मागच्या अंगणात सापडलं. त्यात जुनी रद्दी आणि फुटक्या जाळ्या भरल्या होत्या. वहिनींनी ते रिकामं केलं, घासलं, दुपारपर्यंत भरलंसुद्धा. मग स्टूल घेतलं, भिंतीला लावलं, आणि दादांच्या तांबड्या अक्षरांच्या डोक्यावर खडूने लिहिलं: 'पिंपात'.

भावोजी आले आणि दारातच त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी! दादांच्या अक्षराला हात लावलात?"

"हात लावला नाही. राहिलेलं पुरं केलं. वर जाऊन आईंना विचारा."

"मी पुसून टाकीन."

"पुसा. उद्या परत लिहीन. खडूचा डबा घेतलाय, भावोजी. दादांच्या रंगासारखा संपायचा नाही."

भावोजी वर गेले. वर काय बोलणं झालं ते वहिनींनी ऐकलं नाही, पण 'शुंभ' हा शब्द जिन्यातून दोनदा खाली आला. खाली उतरल्यावर भावोजी खडूच्या अक्षरांपुढे उभे राहिले. "आईचं वय झालंय," एवढंच म्हणाले. पुसलं मात्र नाही. पोथी डोक्यावर घेऊन मिरवणं सोपं असतं; तिचं एक पान आपल्याला उलटं लागलं होतं हे कबूल करायला माणसाला वेळ लागतो.

तेव्हापासून रोज निम्मी टाकी मोरीत, निम्मं पिंप टाकीत. वहिनींचं कोपर कायम ओलं. महिनाभरात पट्टी पहिल्यांदा पुढे सरकली. दुसऱ्या महिन्यात काळवंडलेली कातडी निवळली आणि कल्ल्यांपाशी निळी रेघ उमटली, जशी पहाटे डोंगराची कड उमटते. अंगाची गोलाई भरू लागली. आणि गंमत म्हणजे डोळे तेवढेच राहिले. मोठे वाटत होते ते डोळे नव्हतेच मोठे. त्यांच्याभोवतीचं अंग यायचं राहिलं होतं.

भावोजी आत यायचे, बघायचे, आणि काहीतरी बोलल्याशिवाय जायचे नाहीत.

"वाढताहेत खरी. पण बशी अजून लांब आहे."

"तुम्ही पण वाढताय," वहिनी म्हणायच्या. "आधी दारातून बोलायचात, आता टाकीपर्यंत येता."

पाचव्या महिन्यात एक दिवस वहिनींना ताप आला. दुपारी धडपडत खाली आल्या, तर पिंप भरलेलं, हवेची नळी आत सोडलेली, आणि भावोजींची उजवी बाही कोपरापर्यंत ओली.

दहा महिने भरले त्या सकाळी समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर आले. त्यांच्या दवाखान्यात गिऱ्हाईक बसतं त्या खोलीसाठी मोठी टाकी आणली होती, आणि त्यांना त्यात 'बशी भरलेले' डिस्कस हवे होते. भावोजींनी फळीवरून बशी उतरवली, फडक्याने पुसली, फोटोला नमस्कार केला. वहिनींनी आधीच दुकानातल्या दोन हमालांना वर पाठवलं होतं. ते सासूबाईंना खुर्चीसकट खाली घेऊन आले.

"आईला कशाला त्रास?" भावोजी म्हणाले.

"त्रास कसला, वरात आहे माझी," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "थांबवू नकोस, पुढे हो."

बशी काचेला लागली. पहिला मासा संथपणे मागून गेला, आणि निळ्या काठाच्या दोन्ही बाजूंनी त्याचं तोंड आणि शेपूट बाहेर दिसलं.

"भरली," भावोजी म्हणाले. आवाज साधा ठेवायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही.

दुसरा. भरली. तिसरा, चौथा. डॉक्टर टाळ्या वाजवायला लागले. नववा. दहावा. अशा रेघा, असा रंग, की खोलीतल्या उबेत ते दहा मासे कोणीतरी लावलेल्या दहा समयांसारखे दिसत होते.

मग डोळस आली. शांतपणे, आपल्या चालीने, सगळ्यांच्या मागून. बशीमागे गेली, आणि अख्खी झाकली गेली. ना तोंड दिसलं, ना शेपूट. दुसऱ्या बाजूने बाहेर पडली तेव्हा भावोजींनी अंदाज घेतला. दोन बोटं कमी.

डॉक्टरांच्या टाळ्या थांबल्या.

"दहा उत्तम," भावोजी म्हणाले. "वहिनी, कबूल करतो, मानलं तुम्हाला. पण..." त्यांनी खुंटीवरची जाळी काढली. चेहऱ्यावर आनंद नव्हता. नियम पाळणाऱ्या माणसाचा चेहरा असतो तसा होता. "शब्द तो शब्द. ही भरली नाही. पुढेही नाही भरणार. पहिले दोन-तीन महिने गेले ते गेले, ते परत येत नाहीत."

"येत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "ते तुमच्या पाण्यात गेले. त्याची शिक्षा हिला का?"

"तुम्ही होकार दिला होता."

"मी म्हटलं होतं, बशी लावा नाहीतर परात लावा, आज जाळी खाली. एवढंच. हावऱ्याला मी काहीही कबूल केलेलं नाही."

"वहिनी, दुकान आहे हे, वॉर्ड नाही!"

वहिनींनी स्टूल ओढलं. दहा महिन्यांपूर्वी ओढलं होतं तसंच. टाकीपुढे ठेवून त्यावर चढल्या, आणि पाठ काचेला लावून उभ्या राहिल्या. आता त्यांची आणि भावोजींची उंची सारखी झाली होती.

"वॉर्डात मी हजारो बाळं बघितली. काही वाढून दाराएवढी झाली. काही माझ्याएवढी राहिली. मी स्वतः सातव्या महिन्याची, भावोजी. मला कोणी बशी लावली असती तर तुमच्यासमोर आज हे स्टूल रिकामं असतं. ती खाते, पोहते, रंग धरलाय तिने. तिची वाढ पुरी झालीय; तिच्या मापाने. माझ्या निम्म्या वाट्यातली ही टाकी आहे, आणि या टाकीत जाळी यायची नाही. आज नाही, उद्या नाही."

भावोजींनी अवघडून बशी पुढे केली, जणू तीच त्यांच्या वतीने बोलणार होती. "अहो, पण दादांचं माप आहे हे! पिढ्यान्‌पिढ्यांचं..."

"काय माप?" सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "आण बघू इकडे."

भावोजींनी बशी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती चष्म्याजवळ नेली, टवक्यावरून अंगठा फिरवला, आणि त्यांचे खांदे हलू लागले. आधी सगळ्यांना वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"अरे, ही त्यांची चहाची बशी! गरम चहा यांना चालायचा नाही, जीभ नाजूक. बशीत ओतून प्यायचे. एकदा चहा पिऊन झाल्यावर सहजच बशी काचेला टेकवून धरली, आणि मागून मासा गेला. म्हणाले, बघ गं, बशीएवढा झाला! झालं. एकदा म्हणाले. तू तेव्हा सहा वर्षांचा, टाळ्या पिटत होतास. त्याचं माप कोणी केलं? तू केलंस. माणूस गेला की त्याचं उष्टंसुद्धा शास्त्र होतं!"

डॉक्टर भिंतीकडे बघत होते. आपल्या खुर्चीत बसलेली माणसंही नजर चुकवायला अशीच भिंतीकडे बघतात, हे त्यांना नंतर आठवून हसू आलं म्हणे.

वहिनी स्टूलावरून उतरल्या. कोपऱ्यातल्या स्टोव्हवर सकाळच्या चहाची किटली होती. तिच्यातला चहा त्यांनी सासूबाईंच्या हातातल्या बशीत काठोकाठ ओतला.

"घ्या आई. गार होऊ द्या जरा."

"दादांची बशी..." भावोजी पुटपुटले.

"भरली," वहिनी म्हणाल्या.

सासूबाईंनी फुंकर घातली आणि मोठ्याने भुरका मारला. भावोजी हातातल्या जाळीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती खुंटीला अडकवली, बाही वर सारली आणि पिंपात कोपर बुडवलं.

"थंड आहे," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "एक बादली कढत लागेल."

"दोन," सासूबाई म्हणाल्या.

हावऱ्याला त्या दिवशी दाणे मिळाले. त्याने आधी बघितलं, मग तोंड उघडलं. त्याला काय, सगळं सारखंच. टाकीत डोळस आपल्या चालीने, सगळ्यांच्या मागून, काचेपाशी आली आणि तुकड्याची वाट बघू लागली.